तीन म्हणू नका

अंगावरून वारं गेलेल्या माणसाशी लोक दोनच तऱ्हांनी बोलतात. एक तर तो बहिरा असल्यासारखं मोठ्यानं, नाही तर तो खोलीत नसल्यासारखं. मी दोन्ही ऐकून घेतलं, कारण उलटून बोलायला तोंड नव्हतं. आता थोडंफार आहे, म्हणून लिहायला बसलो. उजवा हात अजून कामाचा नाही. हे डाव्या हातानं लिहिलंय आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

ज्यांच्या घरात असा माणूस आडवा पडलाय, त्यांच्यासाठी हे आहे. यात डॉक्टरकी नाही. ती मला कळत नाही.

मी जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, पुकाऱ्या होतो. कापसाची हर्रास, म्हणजे लिलाव, चालायची तेव्हा भाव पुकारायचं काम माझं. गाडी उभी राहिली की तिच्यावर चढायचं, मूठभर कापूस हवेत धरायचा आणि आवाज टाकायचा. तेव्हा निजाम सरकारचं राज्य होतं. मोंढ्याची भाषा अर्धी मराठी, अर्धी उर्दू, पण सौदा पक्का करायचे शब्द ठरलेले: एक बार, दो बार, तीन बार. तीन म्हटलं की माल गेला. मग शेतकऱ्यानं रडून उपयोग नाही आणि व्यापाऱ्यानं भांडूनही नाही. त्या तिसऱ्या शब्दावर माझी भाकरी होती.

मोंढ्यात

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते आणि कापसाला भाव होता. सकाळी घरातून निघताना उजव्या पायातली वहाण सारखी निसटायला लागली. गोदा दारात उभी होती. गोदा म्हणजे माझी बायको, घनसावंगीकडची, गंगेकाठची, म्हणजे गोदावरीच्या काठची. बोलायला तिखट.

"वऱ्हाडात निघाल्यावानी काहून घाई करून राह्यले? वहाण तर नीट घाला," ती म्हणाली.

मी वहाणेला दोष दिला. पायाला कोण दोष देतो?

मोंढ्यात पहिल्याच गाडीवर चढलो. माल चांगला होता, बोली चढत गेली, थांबली. मी म्हटलं, "एक बार." मग म्हटलं, "दो बार." पुढचा शब्द तोंडात आला आणि तिथंच राहिला. जीभ टाळूला लावायची तर जीभ सापडेना.

लोकांना वाटलं, पुकाऱ्यानं भाव ताणलाय. खरेदीदार खालून ओरडला, "तीन बोल ना बाबा, किती ताणतो?" मी उभाच. त्या गप्पपणाला घाबरून दुसऱ्यानं भाव वाढवला. शेतकरी माझ्याकडे हात जोडून बघत होता, जणू मी त्याच्यासाठीच खपतोय. माझं लक्ष माझ्या मुठीकडे होतं. ती आपोआप उघडली आणि कापूस खाली पडला. मागोमाग मी.

कापसावर पडलो म्हणून डोकं फुटलं नाही. करीमभाई अडत्यानं त्याच गाडीला बैल जुंपायला लावले आणि मला त्याच कापसावर घालून दवाखान्यात आणलं. इतक्या मऊ बिछान्यावर मी त्याआधी कधी झोपलो नव्हतो आणि नंतरही नाही.

दवाखाना

डॉक्टर रहमानसाहेब हैदराबादेत शिकून आलेले, घरची भाषा उर्दू. त्यांनी माझा पाय उचलून सोडला, हात उचलून सोडला, जिभेकडे पाहिलं आणि गोदाला म्हणाले, "आधा अंग गया. जबान गई. जान नहीं गई. अब देखेंगे."

गोदाला अर्धं कळलं. उरलेलं शांताबाईंनी, म्हणजे तिथल्या नर्सबाईंनी, मराठीत सांगितलं.

दवाखान्याचा दिवस सगळा दुसऱ्यांच्या हातांनी चालतो. सकाळी अंग पुसायचं ते दुसऱ्यानं. कूस बदलायची ती दुसऱ्यानं. बाकीचं लिहीत नाही. ज्यानं सोसलंय त्याला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मी लाजेनं रडलो, नंतर लाज दमून गेली. शांताबाई मात्र पाठ पुसताना मोंढ्यातले भाव विचारायच्या, जसा मी दुपारी तिकडं जाणारच आहे. त्या प्रश्नांचे उपकार मी विसरलो नाही.

एक नियम त्यांनी गोदाला परत परत सांगितला. घशाचा अर्धा भाग मेलाय, तेव्हा दूध-पाणी उठवून बसवूनच पाजायचं, आडवं असताना एक थेंबही नाही. गोदा तो नियम सोवळ्यासारखा पाळायची.

आणि माझं बोलणं? बोलणं एवढंच उरलं होतं: "एक बार, दो बार." भूक लागली तरी तेच, लघवीला लागली तरी तेच. डोक्यात वाक्य पुरं असायचं, अगदी शिवीसकट, आणि बाहेर पडायचं ते हे. भेटायला आलेले लोक पदराआड, उपरण्याआड हसायचे. मी त्यांना दोष देत नाही. मीही हसलो असतो.

गोदा हसायची नाही. ती माझ्या ओठांवर हात ठेवून म्हणायची, "एक म्हणा, दोन म्हणा, दिवसभर म्हणा. तीन म्हणू नका. तीन म्हणलं की माल गेला."

तिला कळत नव्हतं की मला तीन म्हणताच येत नव्हतं. 'त' हे अक्षरच माझ्या तोंडातून उठून गेलं होतं.

नळी

डॉक्टरसाहेब माझ्या दंडातून रक्त काढायचे आणि काचेच्या बारीक नळीत भरून ती खिडकीजवळच्या मेजावर उभी करून ठेवायचे. माझी खाट समोरच होती. हळूहळू लाल रक्त खाली बसत जायचं आणि वर पिवळसर पाणी सुटायचं, वरणावर सुटतं तसं.

"खून आहिस्ता बैठना," डॉक्टरसाहेब म्हणाले. "जल्दी बैठा तो समझो अंदर कहीं सूजन है, आग है. लकवे के मरीज को वो आग अच्छी नहीं." बरं वाईट जे काय व्हायचं ते नळी आधी सांगते, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या खेपेला रक्त थोडं लवकर बसलं. लकव्यात एवढं होतंच, असं ते म्हणाले. पण ते म्हणाले उर्दूत, आणि शांताबाई गडबडीत गोदाला म्हणाल्या, "त्यांचं रक्त लवकर बसलंय."

गोदाजवळ तिचा धाकटा भाऊ ज्ञानोबा उभा होता. आता मराठी माणसाला 'बसलं' म्हणजे काय ते सांगायला नको. आवाज बसतो, धंदा बसतो, पावसात भिंत बसते. बसलं म्हणजे संपलं. ज्ञानोबानं तोंडावर हात मारला. "अक्का, दाजीचं रक्त बसलं. आता उठवाया पाहिजे, न्हाई तर काई खरं न्हाई."

आणि तो बसलेलं रक्त उठवायला निघाला. आधी पारव्याचा रस्सा पाजायचा बेत होता, तो शांताबाईंनी दारातूनच परत पाठवला. मग तो अंबडला एका वैद्यबुवांकडे गेला. त्यांनी औषधी तूप दिलं. कोमट करून नाकात सोडायचं, दिवसातून दोनदा. बुवांनी मला पाहिलं नव्हतं, घसा अर्धा मेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावरही मी फार बोट ठेवत नाही. ज्ञानोबानं बहिणीला बजावलं, "दवाखान्यात सांगू नको. ह्या लोकांना देशी चालत न्हाई."

तूप

डॉक्टरसाहेब दुपारी जेवायला घरी गेले की एकदा, आणि दिवेलागणीच्या आधी, शांताबाई दुसऱ्या खोलीत गेल्या की एकदा. गोदा माझ्या डोक्याखालची उशी काढायची, मान मागे करायची. कापसाचा बोळा तुपात भिजवून नाकपुडीवर पिळायची. ओठांत राजूरच्या गणपतीचं नाव. पाजायचं नव्हतं ना, मग बसवायचा नियम तिला आठवला नाही. नाकातलं कुणी पितं का?

तूप कोमट असायचं. नाकातून घशात उतरायचं आणि तिथून पुढं वाट चुकायचं. छातीत घरघर व्हायची. खोकावं तर जोरच नसायचा. मी तोंड फिरवायचो.

"लेकरावानी करू नका. थोडंसंच हाय."

"एक बार, दो बार."

"व्हय, दोनच बार हाय. झालंच."

संध्याकाळी ताप यायचा. पुढच्या खेपेला नळीतलं लाल भराभर खाली गेलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी भराभर, डोळ्यांदेखत. डॉक्टरसाहेबांनी माझे दात पाहिले, कान पाहिले, पाठीला कुठं जखम झालीय का पाहिलं. छातीला तपासायची नळी लावली की त्यांच्या भुवया जवळ यायच्या. "दूध बिठा के पिला रहे ना?" ते रोज विचारायचे. गोदा म्हणायची, "व्हय, बिलकुल बसवून." ती खोटं बोलत नव्हती.

एकदा करीमभाई आले होते, तेव्हा डॉक्टरसाहेब त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "खून बहुत जल्दी बैठ रहा. घरवालों को अभी मत बोलो. दुआ करो." मी सगळं आयुष्य उर्दूत भाव पुकारलेला माणूस, तीन हातांवर पडलेलो. मला शब्द न् शब्द कळला. त्या दिवशी मला मरणाचं भय वाटलं. पडलो तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा वेळच मिळाला नाही. आता होता. छपराचे वासे बघत मी मरणाचाच विचार करत राहिलो.

तूप आत गेलं की घरघर आणि घरघर झाली की ताप, एवढं मोंढ्यातल्या माणसाला उमगतं. मला मारत होतं ते माझ्या बायकोच्या हातातलं तूप होतं. मला तिचा राग आला. इतका राग मला कधी कुणा दलालाचाही आला नव्हता. मग ती पुन्हा वाटी घेऊन यायची, तिचे डोळे जागरणानं सुजलेले असायचे, ती म्हणायची, "रक्त उठलं की आपण घरी जाऊ," आणि माझा राग पातळ होऊन डोळ्यांतून यायचा. तो तिला तुपाचा गुण वाटायचा.

फेरी

मग डॉक्टरसाहेबांनी एके सकाळच्या फेरीत नेहमीचा प्रश्न बदलला. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "बाई, दूध छोड के और कुछ? दवा, तेल, काढा? मुंह में, नाक में, कुछ भी डाल रहे क्या?"

गोदानं ज्ञानोबाकडे पाहिलं. ज्ञानोबानं जमिनीकडे.

"न्हाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "दो बार."

सगळे हसले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला, ज्ञानोबा तर सुटका झाल्यासारखा हसला. डॉक्टरसाहेबांनाही हसू आलं. "हाँ भाई, दो बार," म्हणत ते पुढच्या खाटेकडे वळले.

गोदा हसली नाही. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"एक काहून न्हाई म्हणले?" तिनं मला हळूच विचारलं.

तिनं बरोबर पकडलं होतं. पडल्यापासून माझ्या तोंडून ते दोन शब्द जोडीनंच निघायचे, एकाशिवाय दोन कधी आलं नव्हतं. त्या दिवशी 'एक' गिळायला मला किती जोर लागला ते सांगता येणार नाही. मी माझ्या उशाशी ठेवलेल्या तिच्या गाठोड्याकडे डोळे वळवले. वाटी त्यातच असायची. पुन्हा म्हटलं, "दो बार."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिनं गाठोडं सोडलं, वाटी काढली आणि डॉक्टरसाहेबांच्या मागं जाऊन उभी राहिली. ज्ञानोबा "अक्का, अक्का" करत होता, तिकडं तिनं पाहिलंच नाही.

"साहेब, नाकात तूप घालून राह्यले मी. दिवसातून दोन बार."

"कब से?"

"रक्त बसलं म्हणले तवापासून."

"बसलं मतलब?"

मग शांताबाईंनी कपाळाला हात लावला आणि सगळा उलगडा झाला. डॉक्टरसाहेब ज्ञानोबावर असे बरसले की खालच्या ओसरीतले लोक वर आले. गोदाला मात्र त्यांनी काही म्हटलं नाही. तिला मेजापाशी नेलं, नळी दाखवली आणि मोडक्या मराठीत सांगितलं, "रक्त खाली जाते, तर आजार वर येते. तूप छातीत गेला. आता बिलकुल नक्को. एक थेंब नक्को."

बसू नको

पुढचे दिवस वाईट गेले. तूप बंद झालं तरी आत गेलेलं बाहेर येत नव्हतं. लढाईमुळे औषधं मिळत नव्हती. मला उशांना टेकवून बसवून ठेवायचे, शांताबाई पाठीवर थापट्या मारायच्या. ताप येतच होता. करीमभाई दर्ग्यात जाऊन आले, ज्ञानोबा राजूरला अनवाणी जाऊन आला. दोघांनी आणलेला प्रसाद मला खाता येत नव्हता, तो शेजारच्या म्हाताऱ्यानं खाल्ला आणि तो माझ्याआधी बरा होऊन घरी गेला.

नळी भरली की गोदा मेजाजवळ जाऊन उभी राहायची आणि नळीशी बोलायची. "बसू नको. बसू नको." चुलीकडं जाणाऱ्या पोराला अडवावं तशी. एका खेपेला लाल खरंच रेंगाळलं. पुढच्या खेपेला आणखी. डॉक्टरसाहेबांनी नळी उजेडात धरली आणि करीमभाईंना जे आधी सांगितलं होतं त्याच्या उलट सांगितलं, या वेळी मोठ्यानं.

मला वाटलं, गोदा आता रडेल. ती भांडी घासायला गेली.

घर

घरी आल्यावर शब्द परत यायला लागले, पण आपल्या मर्जीनं. पहिला शब्द ज्ञानोबाला उद्देशून होता आणि तो छापता येणार नाही. अगदी स्पष्ट आला. ज्ञानोबा रडत रडत हसला आणि माझ्या पायाशी बसला. मग 'पाणी' आलं, 'गोदा' आलं, 'कापूस' आला. 'त' तेवढा येईना.

घरातलं तूप मात्र गेलं. गोदानं कढवणंच बंद केलं. वरणभात कोरडा, खिचडी कोरडी, देवाला तेलाचा दिवा. शेजारणी चौकशीला आल्या की ती सरळ सांगायची, "माझ्याच हातानं मारत होते मी ह्यांला." चेष्टा गेली, तिखटपणा गेला. वहाण उलटी घातली तरी काही बोलायची नाही, गुपचूप सुलटी करायची. जेवायला वाढताना माझ्या तोंडाकडे बघायची नाही. मला म्हणायचं होतं की अगं, तू कबूल झालीस म्हणून मी जिवंत आहे; ज्ञानोबाच्या भरवशावर असतो तर गेलोच होतो. एवढं मोठं वाक्य माझ्याकडे नव्हतं. मग मी ठरवलं, एक शब्द कमवायचा.

ती पाण्याला गेली की मी आरशासमोर बसायचो. जीभ दातांमागं न्यायची आणि हवा सोडायची. कधी 'ऊप' यायचं, कधी 'पूप'. एकदा करीमभाईंनी दारातून ऐकलं आणि म्हणाले, "क्या पुकार रहे उस्ताद?" मी त्यांना हातानंच घालवून दिलं.

पोळ्याचा सण आला. तिनं पुरणाच्या पोळ्या केल्या. ताटात पोळी, शेजारी दूध. मी पोळीला हात लावला नाही.

"तूप," मी म्हटलं.

तिच्या हातातला पळा ताटावर आपटला. ती खाली बसली. मला वाटलं ती समजली, पण ती समजली भलतंच.

"व्हय. मीच घातलं," ती म्हणाली. "आता बोलाया येऊन राह्यलं, तर बोला. मी कधीची वाट बघून राह्यले. बोला, काय बोलायचं ते."

मी नाही अशी मान हलवली. दुसरा शब्द सापडेना. मी पोळी डाव्या हातानं तिच्यापुढं सरकवली, पोळीवर बोट ठेवलं, घाम फुटला.

"वाढ," मी म्हटलं. "तूप. वाढ."

तिनं पोळीकडे पाहिलं. मग उठली. घरात तूप कुठलं? शेजारून वाटीभर मागून आणलं, चुलीवर पातळ केलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिनं पळीनं पोळीवर धार सोडली.

मी म्हटलं, "एक बार."

तिनं पुन्हा सोडली. तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"दो बार," मी म्हटलं आणि थांबलो.

तिनं वाटीतलं उरलंसुरलं सगळं पोळीवर उपडं केलं, डोळे पदरानं पुसले आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"तीन बार," ती म्हणाली. "आता मुकाट्यानं जेवा."